झाशीचे बिजन आणि शृंगेरीची लूट : इतिहासाच्या नव्या वाचकांसाठी

युद्धांचा इतिहास आपण बहुधा विजेत्यांच्या आणि वीरांच्या नावाने शिकतो. किल्ला कोणी घेतला, तह कोणी केला, रणांगणी कोण पडले, एवढे पाठ झाले की परीक्षेपुरते भागते. परंतु किल्ला पडल्यावर त्याच्या पायथ्याच्या वस्तीचे काय झाले, सैन्य ज्या वाटेने गेले त्या वाटेवरच्या घरांत दुसऱ्या दिवशी चूल पेटली की नाही, हा प्रश्न पाठ्यपुस्तके क्वचितच विचारतात. जालियनवाला बाग सर्वांना ठाऊक आहे; जर्मनीत ज्यूंचा जो संहार झाला त्याविषयीही पुष्कळांनी वाचलेले असते. या ठळक प्रकरणांच्या आड, आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत नोंदलेली कितीतरी प्रकरणे आहेत, आणि त्यांची नावेही आपल्या घरांत उच्चारली जात नाहीत. ती जाणून घेण्याची इच्छा असलेल्या वाचकाने आरंभ कोठून करावा, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

विषय कठीण आहे, आणि तो दोन प्रकारच्या वाचकांच्या हाती बिघडतो. एक वाचक कोमल मनाचा. पहिल्या दहा पानांतच त्याला वाचवत नाही. तो पुस्तक मिटतो आणि ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणून मोकळा होतो. दुसरा वाचक याच्या उलट. त्याला अत्याचाराच्या कथेत एक प्रकारचा आवेश सापडतो; मेलेल्यांविषयी त्याला फारसे ममत्व नसते, कोणावर तरी रागावण्यास कारण मिळाले याचेच समाधान असते. पहिला मृतांना विसरतो आणि दुसरा त्यांना राबवतो. दोघांच्या हातून त्यांच्यावर अन्यायच होतो.

आम्ही वकिली पेशातले. न्यायालयात रोज बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट अंगवळणी पडते, ती ही की दुःख खरे असले तरी ते शाबीत करावे लागते, आणि शाबीत करण्याची रीत फिर्यादीला व आरोपीला सारखीच लागू असते. इतिहासाच्या या शाखेत शिरणाऱ्यालाही हीच रीत उपयोगी पडेल अशी आमची धारणा आहे. आरंभ जवळच्या स्थळापासून करावा. एकच घटना निवडावी. तिचे दोन्ही बाजूंचे साक्षीदार तपासावेत. आणि हे सर्वांत महत्त्वाचे की, ज्या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्यात आपलीच माणसे उभी आहेत असे निदान एक प्रकरण त्याच कसोटीने वाचावे. या शेवटच्या पायरीवाचून आधीच्या तिन्ही व्यर्थ होत, असे आमचे मत आहे.

इंदूरकर वाचकाला जवळचे स्थळ शोधण्यासाठी गावाबाहेर जावे लागत नाही. १ जुलै १८५७ रोजी येथील रेसिडेन्सीवर हल्ला झाला. कर्नल ड्युरँड काही माणसांसह सीहोरच्या वाटेने निसटला. जे मागे राहिले त्यांतील युरोपियन व ख्रिस्ती लोक बायकामुलांसह मारले गेले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, १० फेब्रुवारी १८५८ रोजी, अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना याच परिसरात फाशी देण्यात आले. आज तेथे महाराजा यशवंतराव रुग्णालय उभे आहे. हल्ल्याचा पुढारी सआदत खान पुष्कळ वर्षे निसटलेला होता. तो सापडला आणि १८७४ साली त्यालाही येथेच फासावर चढविण्यात आले. एकाच जागेवर दोन्ही बाजूंचे रक्त सांडलेले आहे. रुग्णालयात आप्ताला भेटावयास जाणाऱ्या किती जणांना याची कल्पना असते?

या आरंभातून पुढची वाट आपोआप फुटते. डिसेंबर १८५७ मध्ये सर ह्यू रोज याने इंदुरास येऊन मध्य हिंदुस्थानातील फौजेचे आधिपत्य घेतले आणि जानेवारीत ती फौज उत्तरेकडे निघाली. तिचा पहिला मोठा मुक्काम सीहोरचा. तेथे भोपाळ कंटिंजंटच्या बंडखोर ठरविलेल्या शिपायांची झटपट लष्करी चौकशी होऊन त्यांना १४ जानेवारी १८५८ रोजी रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. इंग्रजी लेखांत मृतांची संख्या १४९ दिली आहे; सीहोरच्या लोकस्मृतीत ती ३५६ सांगितली जाते. नवा वाचक येथे गोंधळतो आणि दोहोंपैकी आपल्याला आवडणारा आकडा उचलतो. तसे करू नये. दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, कोणता कोठून आला ते शेजारी नोंदवावे, आणि पुढे जावे. एकशे एकोणपन्नास माणसांना वकील न देता एका दिवसात मारणे ही गोष्ट आकडा वाढविल्याने अधिक भयंकर होते असे नाही.

हीच फौज २१ मार्च रोजी झाशीपुढे येऊन ठाकली. झाशी आणि इंदूर यांचा संबंध केवळ या फौजेच्या वाटेपुरता नाही. राणी लक्ष्मीबाईंचे दत्तक पुत्र दामोदरराव राणी पडल्यानंतर रानोमाळ भटकत होते. १८६० साली त्यांना इंदुरास आणण्यात आले, आणि सरकारी पेन्शनीवर १९०६ मध्ये देहावसान होईपर्यंत ते येथेच राहिले. झाशीच्या गादीचा वारस आपल्या गावात राहून गेला. त्या शहराच्या नागरिकांवर काय गुदरले हे जाणून घेणे म्हणजे आपल्या शेजारघराची हकीकत ऐकण्यासारखेच आहे.

राणीचे शौर्य आम्हां सर्वांना पाठ आहे. परंतु ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रजांनी तटावर शिड्या लावून शहरात प्रवेश केल्यानंतर शहरात जे घडले, त्याला मराठीत ‘बिजन’ हा शब्द आहे. बिजन म्हणजे सरसकट कत्तल. हे बिजन ज्याने आतून पाहिले आणि मराठीत लिहून ठेवले, तो कोणी सरदार अथवा बखरकार नव्हता. पेणजवळच्या वरसई गावचा तो एक कर्जबाजारी भिक्षुक होता. विष्णुभट गोडसे हे त्याचे नाव.

बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, कुटुंबाचे ऋण फिटेल, एवढ्या आशेने विष्णुभट आपल्या काकांसह १८५७ साली कोकणातून निघाले. वाटेत बंडाची वार्ता लागली. महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे फिरत ते झाशीस पोचले, राणीच्या आश्रयास राहिले, आणि शहराच्या वेढ्यात सापडले. घरी परतल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, यजमानांच्या घराण्यातील चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहिली. आपल्या हयातीत ती छापू नये अशी त्यांची अट होती. सरकारचे भय पाव शतकानंतरही गेले नव्हते, हाही एक पुरावाच समजावा. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ साली प्रसिद्ध केली.

आता या साक्षीदाराची तपासणी कशी करावी ते पाहू. आमच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात साठावे कलम असे होते की, तोंडी साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यावी, ऐकलेल्या गोष्टीची ऐकणाऱ्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. गोडसे भटजींचे पुस्तक हाती घेऊन समासात दोन खुणा करीत जावे : एक पाहिलेल्यासाठी, दुसरी ऐकलेल्यासाठी. बंड का झाले याविषयी भटजी सांगतात त्यात बाजारगप्पा पुष्कळ आहेत; विलायत सरकारने आपला धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमे काढली ही कथा त्यांनी वाटेत शिपायांकडून ऐकली आणि तशीच लिहिली. तिला इतिहास म्हणून काही किंमत नाही. लोक त्या वेळी काय खरे मानीत होते, हे कळण्यापुरतीच तिची किंमत आहे. परंतु झाशीच्या घरात प्राण मुठीत धरून, अंधारात लपून बसलेला माणूस जे सांगतो, ते त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. गोरे शिपाई गल्ल्यागल्ल्यांत शिरत आणि पुरुष दिसला की मारीत. हलवाईपुऱ्याला आग लागली. लुटीलाही एक क्रम होता, आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. राजवाड्यातील पोथ्यांचा अमोल संग्रह धुळीस मिळाला. पोथ्यांविषयी लिहिताना या भिक्षुकाचा जीव जसा कळवळतो, तसा स्वतःची दक्षिणा गेल्याबद्दलही कळवळत नाही. अशा बारीक जागांवरूनच साक्षीदाराचा खरेपणा ओळखता येतो.

पुस्तक कोणत्या आवृत्तीचे घ्यावे, हाही प्रश्न नव्या वाचकाने विचारला पाहिजे. वैद्यांनी १९०७ साली जे छापले ते भटजींचे लिखाण जसेच्या तसे नव्हते. भाषा सुधारली होती, मजकुरात काटछाट व फेरफार होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवले गेले, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली. वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. परकीय सत्तेच्या काळात छापावयाचे होते. तथापि, मूळ दस्तऐवज उपलब्ध असता नकलेवर विसंबू नये, हा नियम न्यायालयात जसा आहे तसा ग्रंथालयातही असावा.

एकच साक्षीदार मात्र पुरेसा नव्हे. भटजी राणीचे अन्न खाल्लेला माणूस. शिवाय पाव शतकानंतर आठवून लिहिणारा. उलटतपासणी करणारा हे दोन्ही मुद्दे पहिल्या दहा मिनिटांत पुढे आणील. म्हणून दुसऱ्या बाजूचा साक्षीदार बोलवावा. तो आहे डॉक्टर टॉमस लो. रोजच्या फौजेतील मद्रास सॅपर्स या पथकाचा हा वैद्यकीय अधिकारी. त्याने मध्य हिंदुस्थानातील मोहिमेवर १८६० साली लंडनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. राणीविषयी व बंडवाल्यांविषयी त्याच्या मनात दया नाही, आपल्या सैन्याचा त्याला पूर्ण अभिमान आहे. म्हणूनच त्याची साक्ष अमोल. रस्त्यांतून पडलेली प्रेते, पुरुषांनी बायकामुलांना विहिरीत ढकलून मागाहून स्वतः घेतलेल्या उड्या, हे सर्व त्याने लिहिले आहे. जो आपल्याच पक्षाला बाध येईल असे सांगतो त्याच्या शब्दाला कायद्यात विशेष वजन असते. वरसईचा भिक्षुक आणि लंडनचा डॉक्टर एकमेकांना ओळखत नव्हते, एकमेकांचे लिखाण त्यांनी वाचलेले असणे शक्य नव्हते. तरी गल्लीतील प्रेते दोघांनाही दिसली. आमच्या मते झाशीचा खटला येथे उभा राहतो.

दोघांमध्ये फरक कोठे पडतो तेही पाहावे. लो याच्या लेखी जो मेला तो शत्रू. एक हजारांहून अधिक प्रेते जाळली वा पुरली असे तो म्हणतो, आणि वेढ्याचे दिवस व तात्या टोप्यांशी १ एप्रिलला बेतवेवर झालेली लढाई धरून आपण तीन हजारांच्या आसपास शत्रू मारले असावेत असा त्याचा तर्क आहे. अन्यत्र पाच हजारांचा आकडा येतो. या संख्येत लढणारे किती आणि हलवाई, कोष्टी, भिक्षुक, कारकून किती, हे तो वेगळे करीत नाही. ‘बंडवाला’ या एका शब्दाने संपूर्ण शहर गिळले. भटजींच्या पुस्तकात मात्र मेलेल्यांना घरे आहेत, धंदे आहेत, नाती आहेत. नव्या वाचकाने प्रत्येक युद्धाच्या वृत्तांतात असे गिळणारे शब्द हुडकावेत. ‘बंडखोर’, ‘काफिर’, ‘हेर’, ‘दंगेखोर’ : जेथे असा शब्द घाऊक वापरलेला दिसेल तेथे थांबून विचारावे, याच्या पोटात कोण कोण आहे?

आणि थांबावयाचे तर पुरते थांबावे. झाशीच्या बिजनाचे समर्थन करणारे इंग्रज एका घटनेकडे बोट दाखवीत असत, आणि ती घटना खोटी नाही. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या किल्ल्यातून शरण आलेले साठांच्या आसपास युरोपियन व ख्रिस्ती पुरुष, स्त्रिया आणि मुले जोखनबागेत नेऊन ठार करण्यात आली. सुखरूप जाऊ देण्याचे वचन त्यांना दिलेले होते. राणीचा यात हात होता हे कधीही शाबीत झालेले नाही. उलट त्या दिवसांत झाशीत असलेल्या मार्टिन नावाच्या एका युरोपियनाने १८८९ साली इंदुरास दामोदररावांना पत्र लिहून राणी निर्दोष असल्याचे कळविले, आणि दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १८९४ च्या आपल्या राणीचरित्रात त्याचा उपयोग केला. राणी सुटली म्हणून जोखनबागेतील मुले जिवंत होत नाहीत. त्यांचा खून झाला, आणि करणारे आपल्या बाजूचे होते. तसेच, जोखनबागेत झाले म्हणून दहा महिन्यांनी हलवाईपुऱ्यातल्या माणसाला मारण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता आली पाहिजेत. ज्याला एकच म्हणता येते त्याने अद्याप अभ्यास सुरू केला नाही असे समजावे.

लेखणी कोणाच्या हाती राहिली, याचाही विचार येथे करावासा वाटतो. आमच्या कोंकणी वाचकांना त्याचे उदाहरण घरचेच आहे. गोव्यात सासष्टीतील कुंकळ्ळी येथे १५८३ साली गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना व त्यांच्या सोबत्यांना ठार केले. देवळे मोडली जात होती, गाव धुमसत होते. पुढे कुंकळ्ळीच्या मुखंडांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध करण्यात आला. सोळांपैकी एकटा नदीत उडी टाकून वाचला अशी परंपरा आहे. पाद्र्यांची नावे, कुळे, चरित्रे युरोपात लिहिली गेली. १८९३ मध्ये पोपने त्यांना धन्य घोषित केले. मुखंडांची आठवण मात्र मुख्यतः गावाच्या तोंडीच राहिली. कुंकळ्ळीला गोडसे भटजी लाभला नाही, एवढाच हा फरक. ज्याचा कागद मोठा त्याचे दुःख मोठे, असे मानण्याची चूक टाळावयाची असेल तर वाचकाने गावची मौखिक परंपराही ऐकावी, परंतु ती परंपरा म्हणूनच नोंदवावी.

येथवर जे म्हटले त्याला बहुतेक वाचक मान डोलावतील. अत्याचार करणारे परके होते. ऐकणे सोपे आहे. परंतु आपल्या धर्मग्रंथांनी आपल्याला इतके सोपे इतिहासवाचन शिकविलेले नाही. महाभारतात सौप्तिकपर्व नावाचे एक संपूर्ण पर्व आहे. झोपलेल्या सैन्याची कत्तल हाच त्याचा विषय. ती अश्वत्थाम्याने केली, म्हणजे पांडवांच्या शत्रूने केली. पण त्याच ग्रंथात द्रोणाचा वध कोणत्या अर्धसत्याने झाला आणि दुर्योधनाच्या मांडीवर गदा कोठल्या नियमाविरुद्ध पडली, हेही व्यासांनी लपविले नाही. ज्यांचा जय सांगावयाचा त्यांचाच अधर्म सांगण्याचे धैर्य ज्या परंपरेत आहे, तिच्या वारसांनी शृंगेरीचे नाव ऐकून कान झाकू नयेत.

१७९१ साल. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र झाले होते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या अधिपत्याखाली मराठी फौजा कर्नाटकात उतरल्या. त्यांतील रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीच्या मठावर धाड घातली. आद्य शंकराचार्यांचे हे पीठ. महाराष्ट्रातील किती स्मार्त घराणी त्याला गुरुस्थान मानतात ते सांगणे नको. मठ लुटला गेला, अनेक माणसे मारली गेली, त्यांत ब्राह्मणही होते. शारदांबेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली. स्वामी सच्चिदानंद भारती यांना कार्कळास जाऊन राहावे लागले. नुकसान साठ लक्ष रुपयांचे झाले असे सांगतात. या आकड्यालाही सीहोरचाच नियम लावावा : तो लिहावा, आणि कोणी सांगितला ते शेजारी लिहावे.

या प्रकरणी दुसऱ्या बाजूचा साक्षीदार कोण? खुद्द टिपू सुलतान. १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तुखात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांना शृंगेरी मठात टिपूची कानडी पत्रे सापडली. त्यांत तो स्वामींना सहानुभूती कळवितो आणि मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी द्रव्य व साहित्य देववितो. ही पत्रे टिपूच्या इतर कृत्यांचा निवाडा करीत नाहीत. कूर्गमध्ये अथवा अन्यत्र त्याने जे केले त्याचा खटला वेगळा आहे आणि तोही याच रीतीने चालवावा. पण टिपू वाईट होता म्हणून शृंगेरी लुटली गेलीच नाही, असा युक्तिवाद कोणी आमच्यापुढे केल्यास आम्ही तो ऐकून घेणार नाही. मराठी कागदही मूक नाहीत. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रव्यवहारात या लुटीचा विषय येतो. स्वामींची समजूत घालण्याची व माल परत करविण्याची खटपट पुणे दरबारापर्यंत चाललेली दिसते. म्हणजे आपल्या लोकांनी त्या वेळी ही गोष्ट नाकारली नव्हती. ती आपण मागाहून विसरलो.

बचावाचा एक मुद्दा राहतो आणि तो विचारार्ह आहे. सरदारांनी हुकूम दिला नव्हता, पेंढारी बेलगाम होते, असे म्हणतात. ते खरे मानून चालू. तरी पेंढारी हे कोण? ज्यांना पगार नाही, लूट हीच ज्यांची रोजी, आणि लुटीचा हिस्सा ज्यांच्याकडून घेतला जातो, अशा लोकांना बरोबर घेऊन जो सेनापती देवस्थानाच्या मुलखात शिरतो, त्याला ‘मी सांगितले नव्हते’ असे म्हणता येईल काय? फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिला शहरात जपानी सैनिकांनी नागरिकांची भीषण कत्तल केली. त्यांचा सेनापती यामाशिता याने आपला हुकूम नव्हता, सैन्य आपल्या ताब्यात राहिले नव्हते, असाच बचाव केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो १९४६ साली टिकला नाही, आणि त्याला फाशी झाले. त्या न्यायालयातही मतभेद होता. दोन न्यायमूर्तींनी कडाडून विरोध नोंदविला. पण तेव्हापासून जगाच्या युद्धकायद्यात एक प्रश्न कायमचा रुजला : ज्याच्या हाती थांबविणे होते त्याने थांबविण्यासाठी काय केले? हा प्रश्न आम्ही झाशीच्या संदर्भात रोजला विचारतो. तोच परशुरामभाऊंना विचारावयास नको काय?

आणि हा मापदंड विलायतेहून उसना आणलेला आहे असेही नाही. शरण आलेल्याला, निःशस्त्राला, न लढणाऱ्या प्रेक्षकाला मारू नये असे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही लष्कराने हात लावू नये, अशी ताकीद शिवछत्रपतींनी चिपळूणकडील आपल्या लष्कराला लेखी दिली होती. मराठ्यांच्या फौजांना मराठ्यांच्याच राजाचा कायदा लावला तर त्यात अन्याय कसला? बंगालमध्ये १७४२ पासून दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची भीती तेथील अंगाईगीतांत उतरली. आजही बंगाली आई ‘बर्गी’ म्हणते तेव्हा ती आपल्याविषयी बोलत असते. गंगाराम कवीचे ‘महाराष्ट्रपुराण’ या स्वाऱ्यांतील हत्या व लूट वर्णन करते, आणि मार खाणारे बहुतांशी हिंदूच होते. भास्करराम कोल्हटकर यांना १७४४ साली अलिवर्दीखानाने बोलण्यांसाठी बोलावून दगा देऊन मारले, हे आपल्याला माहीत असते. त्याआधीच्या दोन वर्षांत काय झाले ते माहीत नसते. असोळण्याच्या मुखंडांसाठी हळहळणाऱ्याने येथेही तीच हळहळ ठेवावी, आणि बंगालच्या खेड्यांसाठीही.

असो. आता काही व्यवहाराच्या सूचना. देवस्थानांच्या वाचनवर्गांत अथवा घरी हा अभ्यास आरंभणाऱ्याने पहिल्या वर्षी एकच पुस्तक नीट वाचावे. मराठी वाचकासाठी ते ‘माझा प्रवास’ असावे, पोतदारांच्या आवृत्तीवरून. हिंदी वाचणाऱ्यांसाठी अमृतलाल नागर यांचा अनुवाद आहे. लो याचे पुस्तक हक्कमुक्त झाले असून संगणकावर विनामूल्य वाचता येते. एक वही करावी. तिच्या पानाला चार रकाने पाडावेत : घडले ते, सांगणारा, त्याने पाहिले की ऐकले, आणि तो कोणत्या बाजूचा. शंभर नोंदी झाल्या की वाचकाचा स्वभावच पालटू लागतो. कोणी मोठ्या आवाजात काही सांगू लागला की त्याचे मन तिसरा रकाना विचारते. लहान मुलांपुढे कत्तलींची वर्णने करू नयेत. त्यांना भटजींचा प्रवास सांगावा, आणि लूट येईल तेथे लूट झाली एवढे खरे सांगावे. रात्री झोपताना हा विषय वाचू नये, आणि एकट्याने फार दिवस वाचू नये. दुःखाचा अभ्यास सोबतीने करावा.

यातून काय साधावयाचे, असे कोणी विचारील. सूड साधावयाचा नाही; ज्यांच्यावर घ्यावयाचा ते केव्हाच गेले. कोणाच्या वंशजांना लाज आणावयाचीही नाही. साधावयाचे ते एवढेच की, उद्या आपल्या डोळ्यांदेखत कोणी एका शब्दाने एक वस्ती गिळू लागला, तर तो शब्द आपल्याला ओळखता यावा, मग तो परक्याच्या तोंडचा असो वा आपल्या.

गोडसे भटजी परत गेले तेव्हा कर्ज फेडण्यासाठी मिळविलेली दक्षिणा लुटीत गेली होती. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगोदकाची कावड मात्र त्यांनी वरसईपर्यंत नेली. पितृपक्षात तर्पण करताना आपल्या कुळातील नावे संपल्यावर, ज्यांना पाणी द्यावयास कोणी नाही त्यांच्यासाठीही आपण ओंजळ सोडतो. त्या ओंजळीला हलवाईपुऱ्यातला मनुष्य, जोखनबागेतले मूल, सीहोरचा शिपाई, असोळण्याचा मुखंड, कुंकळ्ळीचा पाद्री, शृंगेरीचा भिक्षुक आणि बंगालमधला कुळंबी हे सारखेच हक्कदार आहेत. यंदा सर्वपित्रीला ती सोडताना त्यांतल्या दोघांची तरी हकीकत आपल्याला ठाऊक असावी, एवढीच वाचकांना विनंती.